काटा आप्पांच्या नावावर

“ताई, तुमी सांगितल्याबिगर मी ह्या नावाला हात लावनार न्हाई,” आकाराम म्हणाला आणि माउस सोडून दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

सांगलीहून आलेली सोनम नावाची इंजिनिअर मुलगी खुर्चीत वळून त्याच्याकडे बघत होती. समोर स्क्रीनवर कारखान्यातल्या माणसांची नावं होती आणि त्यातल्या एका नावावर निळी पट्टी होती. लालासाहेब सूर्यवंशी. माझे वडील, आप्पा. त्यांना जाऊन हा दुसरा गळीत हंगाम, पण कारखान्याच्या सर्व्हरवर ते अजून कामावर होते.

“सकाळपासून काका हेच म्हणतायत,” सोनम मला म्हणाली. “खरं तर हे मी सांगलीत बसून केलं असतं. पण यांचं एकच, ताईंना कराडहून येऊ द्यात.”

आकारामनं आप्पांच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षं काढली होती. कॉम्प्युटर विभागात दोघंच. आता तो एकटा. मी कराडच्या कॉलेजात मराठी शिकवते, मला यातलं काही कळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरीही त्यानं फोन करून मला बोलावून घेतलं होतं.

खोली लहान. एसी चालू, खिडकी बंद. कोपऱ्यात दोन सर्व्हर, एक जुना आणि एक त्याच्यानंतर आलेला. जुन्याच्या पत्र्यावर दरवर्षीच्या खंडेनवमीचं हळद-कुंकू थरावर थर बसून वाळलेलं. त्याचा पंखा घरघरत होता. शेजारी खोक्यातून अर्धवट काढलेला तिसरा, नवाकोरा, अजून कुंकू न लागलेला.

या तिसऱ्यापायीच सगळं आलं होतं. सोनमनं मला समजावून सांगितलं, पण त्यातलं बरंचसं आप्पांनी पूर्वीच, जेवता जेवता, त्यांच्या भाषेत सांगितलेलं होतं. सर्व्हरचं मोठं काम म्हणजे माणसं ओळखणं. कोण कुठल्या खात्यातला, कुणाला कुठल्या दारातून आत जाऊ द्यायचं, कुणाला नाही. जुना आणि नवा असे दोघे हे काम मिळून करतात. एकाला कळलं की तो दुसऱ्याला सांगतो. मात्र दोघं एका घरात राहायचे तर बोलणं जुन्याला समजेल इतपतच ठेवावं लागतं. “घरात म्हातारं मानूस असलं की सगळ्यांनी त्येच्या चालीनं चालायचं,” आप्पा म्हणायचे. “नव्याला लय येतं, पन त्यानं गप बसायचं.” कित्येक वर्षं त्यांनी अख्खा कारखाना त्या जुन्याच्या चालीनं चालवला.

आता जुन्याची एक डिस्क गेली होती, दुसरी जाण्याच्या बेतात होती. आणि तिसरा सर्व्हर असा, की जुना घरात असेपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हता.

“मग जुना काढा,” मी म्हणाले.

“जुन्यावरच आप्पांचा काटा हाय,” आकाराम म्हणाला.

काटा म्हणजे कारखान्याच्या फाटकावरचा वजनकाटा. ऊस भरून आलेला प्रत्येक ट्रॅक्टर त्यावर चढतो, वजन होतं, आकडा सर्व्हरकडे जातो. तो आकडा उचलणारा प्रोग्राम बसवताना आप्पांनी एक चूक केली होती. अशा कामासाठी वेगळं, कुणाही माणसाचं नसलेलं खातं काढायचं असतं. आप्पांनी घाईत, हंगाम तोंडावर आला म्हणून, स्वतःचंच नाव घातलं. मग काटा चालायला लागला आणि चालत्या काट्याला हात कोण लावणार? ते गेल्यावर पहिल्या हंगामात कामगार खात्यानं नियमाप्रमाणे मयताचं खातं बंद केलं आणि काटा जागच्या जागी थांबला. ऊसगाड्यांची रांग पलूसच्या रस्त्यापर्यंत गेली. आकारामनं खातं पुन्हा चालू केलं तेव्हा काट्यावरचे ड्रायव्हर म्हणाले म्हणे, सूर्यवंशी साहेबांनी रजा मंजूर करून घेतली नव्हती, म्हणून हजर व्हावं लागलं.

ही गोष्ट आकाराम सगळ्यांना सांगतो. दुसरी सांगत नाही. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आप्पांचा दहावा आम्ही कराडला संगमावर केला होता. श्रावणाचे दिवस, कृष्णा आणि कोयना दोन्ही भरलेल्या, पाणी वरच्या पायऱ्यांना लागलेलं. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर चांगले आठ-दहा बसले होते, खाली एकही उतरत नव्हता. चुलतभावानं हात जोडून सांगितलं, काकूंना अंतर देणार नाही. मामा म्हणाले, पोरीच्या पाठीशी आम्ही आहोत. मीही पुढं होऊन काहीतरी पुटपुटले. कावळे पंख झाडत बसून राहिले. लोक पावसाकडे आणि घड्याळाकडे बघायला लागले. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात मागून आकाराम आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तो पिंडासमोर उकिडवा बसला आणि शेजारी उभ्या असलेल्या मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, “आप्पा, काटा थांबू देनार न्हाई. तुमच्या खात्याला हात लावनार न्हाई. जावा तुमी आता.”

तो उठून चार पावलं मागं येतो न येतो तोच कावळा उतरला.

त्यावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. आकारामचा आहे. त्यानंतर तो हंगामात एकदाही गाव सोडून गेला नाही. मेहुण्याचं लग्न कोल्हापुरात झालं, बायकोला आणि मुलांना बसमध्ये बसवून हा काट्यावर परत आला. सांगलीत चांगली नोकरी मिळत होती, ती त्यानं घेतली नाही. काटा थांबला तर, एवढंच कारण.

“मॅडम, काट्याचा प्रोग्राम आता दुसऱ्या सर्व्हरवर वेगळ्या खात्यानं चालतोय,” सोनम म्हणाली. “मी कालच लावलाय, जुन्याच्या जोडीनं रात्रभर नीट चाललाय. सरांचं खातं आता कशालाच लागत नाही. आणि सगळे अधिकार असलेलं खातं, ज्याचा माणूस नाही, ते असं उघडं ठेवता येत नाही. घराची किल्ली बाहेर खुंटीला अडकवल्यासारखं आहे ते.”

ती बरोबर बोलत होती. मी लगेच हो म्हणायला हवं होतं. पण आकारामला माहीत नसलेलं एक कारण माझ्याकडेही होतं.

आप्पांच्या त्या प्रोग्रामातून रोज सकाळी एक ईमेल जायची. काल किती ऊस आला, किती गाळप झालं, साखरेचा उतारा किती, फाटकावर किती गाड्या उभ्या. चार ओळी, आणि खाली ‘आपला, लालासाहेब सूर्यवंशी’. कारखान्यातल्या अधिकाऱ्यांसाठी होती ती. लावताना बाहेर जातेय का हे बघायला आप्पांनी माझा पत्ता घातला होता. नंतर काढायचा राहिला की त्यांनी काढला नाही, मी कधी विचारलं नाही. हंगामात सकाळी चहाच्या वेळी फोन वाजायचा आणि मला कळायचं, आप्पांचा कारखाना चालू आहे.

ते गेले तेव्हा हंगाम नव्हता, त्यामुळे ईमेल बंदच होती. मग कार्तिकात बॉयलर पेटला आणि एका सकाळी ती आली. मी चहाचा कप खाली ठेवला आणि ईमेल पुन्हा पुन्हा वाचली. मग आईला फोन लावला. तिला म्हणाले, काल साडेपाच हजार टन झालं गं. ती म्हणाली, “उतारा?”

तेव्हापासून हंगामभर रोज सकाळी मी पलूसला फोन करून आईला गाळप सांगते. आप्पा घरी आल्यावर सांगायचे तसं. ती उतारा कमी पडला तर पावसाला नाहीतर खोडव्याच्या उसाला नावं ठेवते, आणि मग आम्ही दुसरं काहीबाही बोलतो. आप्पांबद्दल आम्हाला एकमेकींशी कधी बोलता आलेलं नाही. गाळपाबद्दल बोलता येतं.

“उद्या सकाळनंतर केलं तर?” मी सोनमला विचारलं.

“डिस्क थांबेल असं मला वाटत नाही.”

“दुसऱ्या सर्व्हरवरून ती सकाळची ईमेल जाईल ना?”

“जाईल की. फक्त कारखान्यातल्या लोकांना. बाहेरचे पत्ते आता चालत नाहीत.” मग माझ्याकडे नीट बघून तिनं हळूच विचारलं, “बाहेरचा एकच होता. तो तुमचा का?”

मी बाहेर येऊन आईला फोन लावला. व्हरांड्यासमोरच काटा होता. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर त्यावर चढत होता आणि उसाच्या पाचटाचा वास सगळीकडे भरला होता. आईला मी सगळं सांगितलं, जसं होतं तसं.

“काटा थांबनार हाय का त्यानं?” तिनं विचारलं.

“नाही. काटा चालेल. पण सकाळचं गाळप मला कळणार नाही.”

पलीकडून भांडं घासायचा आवाज येत होता तो थांबला.

“आकारामची बायको मागं देवळात भेटली हुती,” आई म्हणाली. “म्हनली, काकू, आमचं मानूस जोतिबाला सुदिक येत न्हाई. त्येच्या शब्दापायी त्येचा संसार किती बांधून ठेवायचा, संयोगिता? सोडव त्येला. हातावर पानी सोड.”

मी आत येऊन आकारामला ते सांगितलं. टेबलावरची पाण्याची बाटली त्यानं उचलली आणि झाकण फिरवायला लागला, तशी सोनम खुर्चीतून उठलीच.

“काका, इथं नको. खाली वायरी आहेत.”

“आवं, व्हय की,” आकाराम म्हणाला. “आप्पांनी ह्या खोलीत कुनाला चहा पिऊ दिला न्हाई कवा, आन् मी पानी सोडाय निघालो.” आम्ही तिघंही हसलो. सोनम जरा उशिरा हसली.

मग आकाराम आणि मी व्हरांड्याच्या पायरीवर उभे राहिलो. त्यानं उजवा तळवा पुढं केला. मी बाटलीतलं पाणी त्यावर सोडलं. काय म्हणायचं असतं हे मला माहीत नव्हतं, म्हणून म्हणाले, “आकारामभाऊ, तुम्ही दिलेला शब्द पाळलात. आता तो आप्पांकडून मी सोडवला.” पाणी त्याच्या मनगटावरून ओघळून पायरीवर पडलं. काट्यावरच्या ड्रायव्हरनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि मान वळवली. आकारामनं ओला हात तोंडावरून फिरवला आणि तसाच आत गेला.

“हटवू?” सोनमनं विचारलं.

“हटवायचं न्हाई. हितं जुनी रीत हाय,” आकाराम म्हणाला. त्यानं यादीत खाली जाऊन एक कप्पा दाखवला. त्याचं नाव ‘संगम’. नोकरीत असताना गेलेल्या माणसांची नावं आप्पा कधी पुसत नसत. खातं बंद करून त्या कप्प्यात नेऊन ठेवत. साखर शिजवणारे तात्याबा पॅनमन, टाइम ऑफिसचे इंद्रजित, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा, अपघातात गेलेला स्लिपबॉय. सोनमनं वाचलं आणि आकारामला खुर्ची सोडून दिली.

आकारामनं आप्पांचं खातं बंद केलं. मग ते नाव उचलून ‘संगम’मध्ये नेऊन ठेवलं.

पुढचं सोनमचं काम होतं. जुन्याकडं जे काही होतं ते तिनं त्याच्याकडून काढून घेतलं आणि त्याला मोकळा केला. मग ती म्हणाली, “आता सर्व्हरांच्या बोलण्याची पातळी वाढवते, म्हणजे तिसरा आत येईल. हे एकदा केलं की मागं येता येत नाही. जुना पुन्हा लावला तरी बाकीचे त्याला ओळखणार नाहीत.” तिनं आकारामकडे बघितलं, आकारामनं माझ्याकडे. मी मान हलवली.

शेवटी आकारामनं जुन्याचं बटण दाबलं. पंखा घरघरत हळूहळू थांबला. इतकी वर्षं त्या आवाजाखाली दबलेला बाहेरचा आवाज खोलीत आला. काट्यावरचा माणूस ओरडून सांगत होता, घ्या पुढं, झालं, घ्या पुढं.

त्या रात्री मी आईकडेच राहिले. आमचं घर कारखान्याच्या रस्त्याला लागून आहे. सकाळी चहा झाला. नेहमीची वेळ आली. फोन माझ्याजवळ पलंगावर पडलेला होता, तो वाजला नाही. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि पायरीवर बसली. तिनं गाळप विचारलं नाही.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर कारखान्याकडे गेला, जड, जमीन दाबत.

“भरल्याला हाय,” आई म्हणाली.

ऊन अंगणात आलं. आई शेंगा फोडत पायरीवरच बसून होती. बऱ्याच वेळानं उलट्या बाजूनं ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या खडखडत आल्या, मोकळ्या, साखळ्या वाजवत, ड्रायव्हरनं गाणं मोठ्यानं लावलेलं. त्या दिसेनाशा होईपर्यंत आईनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

“मोकळा आला,” ती म्हणाली. “वजन झालं.”

आणि पुढची शेंग हातात घेतली.