सदतीस विभागांचा प्रमुख

विद्यापीठाच्या दोनशे अकरा वेबसाइट नव्या सिस्टिमवर हलवायच्या होत्या आणि हलवणारी मी एकटी. घर बदलताना माणसं निदान आपली भांडी तरी आपण गुंडाळतात. इथली प्राध्यापक मंडळी हाताची घडी घालून विचारत होती, "आमचं कधी?" दोन महिन्यांत माझ्या नाकी नऊ आले होते. तरी मी खुशीत होते, कारण कुठलीही गोष्ट जागची हलवायला मला मनापासून आवडतं.

त्यात मिठाचा खडा टाकला कुलसचिवांनी. परिपत्रक काढलं: ज्याला प्रमुख नाही, त्याची वेबसाइट हलवायची नाही, आणि जे नव्या सिस्टिमवर नाही, त्याची खोली शुक्रवारी पाचला काढून घ्यायची. छत्तीस विभागांच्या प्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या. त्यांना "नेमणूक होतेच आहे" म्हणून सवलत मिळाली. गच्चीवरच्या हवामान केंद्राला मिळाली नाही.

त्या केंद्रात फक्त माझा मामा होता. हुद्दा मदतनीस. एकतीस वर्षं तो तापमान, वारा, पाऊस मोजत आला होता. आधी वहीत लिहायचा, मग वेबसाइटवर. वाचणारे एकूण अकरा, त्यात एक माझी आई.

"जाऊ दे गं," तो म्हणाला, "खोलीच तर आहे." आणि हसला. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

आता माझी चूक. सिस्टिम तपासायला एक नमुना पान लागतं. ते मी मामाच्या केंद्राचं केलं. प्रमुखाच्या रकान्यात मामाचं नाव आणि सोबत सहलीतला फोटो, गॉगल लावून कलिंगड खातानाचा. पुढे हा नमुना पुसायचा राहिला. शिवाय कुठला रकाना रिकामा दिसला तर नमुन्यातलं उचलून भर, हेही सिस्टिमला मीच सांगून ठेवलेलं. शुक्रवारी दुपारी मी बटण दाबलं आणि उड्या मारत चहाला गेले.

परत आले तर तत्त्वज्ञानाचा प्रमुख कलिंगड खात होता. शल्यचिकित्सेचाही. पोहण्याच्या तलावाचासुद्धा. एकूण सदतीस ठिकाणी माझा मामा गॉगल लावून बसला होता, आणि सदतीस ठिकाणचे अर्ज त्याच्याकडे जायला लागले होते.

त्याचा फोन आला. "अगं, तत्त्वज्ञानवाले रजा मागताहेत. देऊ का?"

"किती दिवस?"

"चार."

"दे," मी म्हणाले. हसून हसून माझ्या पोटात दुखत होतं आणि त्याच वेळी पाचावर धारणही बसली होती.

तेवढ्यात कुलसचिव माझ्या टेबलापाशी. "हा कलिंगडवाला आत्ताच्या आत्ता काढा. कुलगुरूंनी बघितलं तर छत्तीस जागा रिकाम्या का, ते मला विचारतील."

"मला काढता येत नाही, सर. प्रमुख बदलायचा तर आधीच्या प्रमुखाची लेखी संमती लागते. तुमच्याच परिपत्रकात आहे, कलम चार."

त्यांनी संमतीचे सदतीस कागद छापून घेतले आणि गच्चीकडे निघाले. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते, पुढे लोखंडी जिना. मी मागोमाग गेले. असली गंमत चुकवणं मला जमण्यासारखं नव्हतं.

मामाने हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक कागद वाचून सही करायला लागला. "पोहण्याचा तलाव. सुटलो बुवा, मला पोहता येत नाही." छत्तीस सह्या झाल्या. सदतिसावा, हवामान केंद्राचा कागद त्याने बराच वेळ हातात धरला आणि परत दिला.

"ह्याच्यावर नाही करणार, साहेब."

"अहो, तुम्ही मदतनीस आहात."

"आहे ना. पण संमती माझीच लागते, आणि ती मी देत नाही."

मामाने कुणाला नाही म्हटलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाचाला सात मिनिटं कमी होती. कुलसचिवांनी सह्यांचे छत्तीस कागद पाहिले, घड्याळ पाहिलं आणि सदतिसावा घडी घालून खिशात ठेवला.

"सोमवारी विभागप्रमुखांची बैठक आहे," ते म्हणाले. "या. आणि तो फोटो बदला."

त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली तसा मामा मटकन स्टुलावर बसला.

"अगं, मी त्यांना नाही म्हणालो का?"

"म्हणालास."

"मोठ्याने?"

"चांगलं मोठ्याने."

मग आम्ही हसत सुटलो. हसता हसता त्याने चष्मा काढला आणि लहान मुलासारखा रडायला लागला, आणि मी त्याची खोली पाठ करत असल्यासारखी एकेक वस्तू बघत त्याच्याशेजारी उभी राहिले.