मोडीत काढलेला घटक

विद्याधर मोघ्यांनी एका सरकारी कारखान्याचं भांडार आयुष्यभर सांभाळलं, आणि निवृत्तीनंतर सांभाळायला दुसरं काही उरलं नाही म्हणून झाशीतल्या राहत्या घराचंच भांडार करून टाकलं. दर दिवाळीआधी ते वर्षभरात जागचा न हललेला माल हुडकून काढत. असा माल मोडीत काढायचा तर तिघांच्या समितीची संमती हवी, हा कारखान्याचा नियम. घरच्या समितीत ते अध्यक्ष. मुलगी अनुया आणि पत्नी इंदू सदस्य. बैठक स्वयंपाकघरात भरे, कारण इंदू गॅस सोडून कुठल्याही बैठकीला जात नसे.

आज मात्र अध्यक्षांच्या बनियनला घाम सुटला होता. अकरा वाजता अनुयाचा पेपर होता. नागपूरच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती आणि वयाच्या अटीत बसण्याची तिची ही शेवटची संधी होती. छावणीतल्या शाळेत ती दरवर्षी नव्याने कंत्राटावर लागे, आणि दर उन्हाळ्यात घरातली तिन्ही माणसं फोन वाजला की दचकत. परीक्षा घरूनच द्यायची होती, पण नोंदवलेल्या कॉम्प्युटरवरूनच. महिन्यापूर्वी सराव परीक्षा याच यंत्रावर लोण्यासारखी झाली होती. आज परीक्षेचा प्रोग्रॅम उघडला, ‘रनटाइम नावाचा घटक सापडत नाही’ एवढं म्हणाला आणि मिटून गेला.

घटक उतरवून घ्या, असंही त्याने सुचवलं होतं. त्यासाठी परीक्षा मंडळाचं पान होतं. त्या पानावर हिरवं बटण होतं. बटण दाबलं की दुसरं पान उघडे आणि सांगे की ही आवृत्ती आता जुन्या संग्रहात हलवली आहे. संग्रहात गेलं की तो म्हणे, मदत विभागात विचारा. मदत विभाग अत्यंत नम्र होता. त्याने मोघ्यांच्या अडचणीबद्दल खेद व्यक्त केला आणि पहिल्या पानावरचं हिरवं बटण दाबायला सांगितलं.

मोघ्यांनी ते दाबलं. पुन्हा दाबलं. मग मंडळाच्या फोनवर प्रयत्न केला. तिथल्या ध्वनिमुद्रित बाईने संकेतस्थळाला भेट द्यायला सांगितलं. एका कोपऱ्यात ‘थेट तक्रार’ असं लिहिलेलं सापडलं तेव्हा अनुयाचा चेहरा जरा उजळला. पण तक्रार करायची तर परीक्षेच्या प्रोग्रॅममधून आत शिरावं लागे, आणि प्रोग्रॅम घटकाशिवाय दारही उघडत नव्हता.

“बाबा, नहीं होगा,” अनुया शांतपणे म्हणाली. ती रडली असती तर मोघ्यांना बरं वाटलं असतं.

मानिक चौकात कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या मुकुलला फोन लावला. तो नेमका बरुआसागरच्या बसमध्ये होता, मेहुणीच्या लग्नाला निघालेला. बसच्या खडखडाटात त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अंकलजी, आपने कुछ डिलीट तो नहीं किया था?”

मोघ्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

केलं होतं. गेल्या आठवड्यात दिवाळीच्या सफाईत, माळा आणि कपाटं उरकल्यावर, ते उत्साहाच्या भरात कॉम्प्युटरकडे वळले होते. तिथे एक अनोळखी नाव दिसलं. ना कुणी विचारायला येत होतं, ना कुणी वापरत होतं. भांडारात असल्या मालाची त्यांनी कधी गय केली नव्हती. त्यांनी ते नाव काढून टाकलं, आणि ते बसवण्याची जी फाइल होती तीही मोडीच्या यादीत चढवून जागची हलवली.

“नहीं भैया,” मोघे म्हणाले. मुलीकडे न बघता त्यांनी हिरवं बटण दाबलं. आता आपण काहीतरी करतोय असं दिसणं भाग होतं.

पानं फिरत राहिली. संग्रह, मदत, बटण. अनुया वही मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिची पाठ पाहून त्यांना वाटलं, आत्ता सांगून टाकावं. त्यांनी बटण दाबलं.

तेवढ्यात इंदू चहा घेऊन आली. कॉम्प्युटरमधलं तिला काही कळत नसे, पण तिच्यासमोर वाचलेलं काहीही ती विसरत नसे.

“अहो, हे रनटाइम म्हणजे तेच ना, बैठकीत, अनुया शाळेतून यायच्या आधी, माझ्या घंगाळानंतर वाचलेलं?”

अनुया वळली. मोघ्यांनी मान खाली घातली.

“पण मी संमती कुठे दिली होती?” इंदू म्हणाली. “माझ्या आजेसासूचं घंगाळ यादीतून काढत नाही तोवर कशालाच हो म्हणणार नाही, असं सांगितलं होतं. तुम्ही रागावून बैठक तहकूब केलीत.”

मोघ्यांनी मान वर केली. समितीच्या संमतीवाचून माल आवाराबाहेर जात नाही. घाबरलेल्या माणसाला स्वतःचे नियमही आठवत नाहीत. त्यांनी रिसायकल बिन उघडला. संमतीअभावी तो रिकामा केलाच नव्हता. तळाशी, बैठकीची वाट बघत, फाइल पडून होती.

अनुयाने त्यांना खुर्चीवरून जवळजवळ ढकललंच. फाइल परत आली, घटक बसला, यंत्राने आणखी एकदा बंद होऊन चालू होण्याचा हट्ट केला, आणि त्या अंधाऱ्या पडद्यापुढे तिघंही उभी राहिली. पडद्यावर अनुयाचा फोटो उमटला तेव्हा अकरा वाजायला आले होते. तिने हातानेच दोघांना बाहेर घालवलं.

स्वयंपाकघरात मोघे पाटावर बसले. “तिला सांगायला हवं. मीच काढलं होतं ते.”

“तिला कळलंय. पेपर झाल्यावर बोलेल, तेव्हा ऐकून घ्या.” इंदूने घंगाळ आणि चिंचेचा गोळा त्यांच्यापुढे सरकवला. “आणि वर्षभर जागचा न हललेला माल या घरात एकच आहे. मी समितीत आहे म्हणून टिकलाय.”

मोघे घंगाळ घासायला लागले. आतून माउसच्या टिचक्यांचा आवाज येत होता. मधेच तो थांबला तसा त्यांचाही हात थांबला, चिंचेचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी त्यांनी पुसलं नाही. बऱ्याच वेळाने आत पुन्हा टिक वाजलं, आणि त्यांनी, आवाज होणार नाही इतक्या हळू, घासायला सुरुवात केली.