दोन टीबी

“महेंद्रभाऊ, लावा आता आईचं गाणं,” राजेंद्र म्हणाला आणि अंबरनाथच्या त्या विहारात गोजरबाईंच्या जलदान विधीला जमलेली सगळी माणसं स्पीकरकडे बघू लागली.

महेंद्रने लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला. गोजरबाईंच्या नावाने गाण्यांची रांग समोर दिसत होती. पहिलं उघडेना, दुसरंही उघडेना. घाईघाईत त्याने भलतंच काहीतरी दाबलं आणि स्पीकर गरजला, “आपले सर्वांचे लाडके महेंद्रभाऊ यांचा शाल देऊन सत्कार...” तो त्याच्या निवृत्तीचा व्हिडिओ होता. त्यातल्या टाळ्याही वाजल्या. गोजरबाईंच्या फोटोपुढे मेणबत्त्या जळत होत्या, आणि महेंद्रला मान वर करवेना.

मोरिवलीच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून वस्तीत कसलंही रेकॉर्डिंग असलं की महेंद्र, हे ठरूनच गेलं होतं. गोजरबाईंची गाणी कुठे लिहिलेली नव्हती, त्यांच्या तोंडीच होती. ती त्याने फोनवर घेतली. फोन भरला तेव्हा त्याची मुलगी अस्मिता सांगत होती, “पप्पा, नुसता आवाज असता तर एक गाणं पाच एमबीत बसलं असतं. हे व्हिडिओ आहेत म्हणून जागा खातायत. तरी चांगल्या कंपनीचा चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, खूप झाला.” पण भाव करण्यात आपला हात कोणी धरणार नाही, हा महेंद्रचा जुना ताठा. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या फुटपाथवर त्याच भावात दोन टीबी मिळाला आणि साहेब शेअर रिक्षातून छाती फुगवून परतले. आधी सत्कार भरला, मग गोजरबाई. मग फोन पुसून मोकळा केला.

विहारात शेजारीच बसलेल्या अस्मिताने लॅपटॉपमध्ये वाकून पाहिलं. “पप्पा, हा नकली आहे,” ती हळूच म्हणाली. “आत जागा थोडीशीच असते. ती भरली की पुढचं फक्त नाव दिसतं, आत काहीच नसतं.”

“फोनमध्ये असतील ना?” राजेंद्रने विचारलं.

व्हायरस आला म्हणून सांगावं, असं महेंद्रच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण राजेंद्रच्या तोंडाकडे बघून ते त्याला बोलवेना.

“नाय रे. पुसून टाकली मी. सस्त्यातला घेतला ना. माझीच चूक हाय.”

राजेंद्र वळून आईच्या फोटोपुढची मेणबत्ती सरळ करू लागला. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी गोजरबाईंच्या मागे जन्मभर झील धरणाऱ्या रखमाबाईंनीच गाणं उचललं. बाया साथीला आल्या. दोन कडवी झाली आणि तिसऱ्याला सगळ्या अडल्या.

“महेंद्रभाऊ, तुमी तर समोरच बसला होता की तवा,” रखमाबाई म्हणाल्या. “फुडं काय हो?”

महेंद्रने डोळे मिटले. दोन्ही हातांत धरलेला फोन त्याला आठवला. लाल ठिपका चालू आहे ना, हे सारखं बघत होता तेही आठवलं. शब्द मात्र त्याने ऐकलेच नव्हते. आत जातंय ना, मग सावकाश ऐकू, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

“नाय आठवत,” तो म्हणाला.

रखमाबाईंनी नुसताच सूर धरला. मग बायांनी ते कडवं शब्दांवाचून, नुसतं गुणगुणून पुरं केलं, आणि महेंद्रने लॅपटॉप मिटला.