चांदीसकट वजन

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तेजस्विनीचं मन तर हल्ली दुसरं कामच करत नव्हतं. लसीच्या दिवशी काट्याने सृष्टीचं वजन दाखवलं ते अंगणवाडीच्या कार्डावर गेल्या महिन्यात होतं तेवढंच. चार महिन्यांचं लेकरू, महिनाभरात गुंजभर वाढलं नाही! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आईच्या दुधाशिवाय कुणी काही पाजत नाही ना, बघा. आठ दिवसांनी पुन्हा आणा."

'कुणी' म्हणजे घरात दुसरं होतं कोण? सासूच.

बायडाबाई नामपूरहून बाळंतपणाला आलेल्या. सृष्टीला तेल लावून न्हाऊ घातलं की त्या आतल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. वारा लागतो म्हणे! सहाण ओली, वेखंडाचा वास घरभर. टाळूला लावते म्हणायच्या, पण टाळूवरून तोंडात जायला कितीसा वेळ? तेजस्विनीने सृष्टीला त्यांच्या हाती देणंच बंद केलं. न्हाऊमाखू स्वतः घातलं, झोपतानाही एक डोळा उघडा. नवऱ्याला, सोमनाथला, हळूच सांगूनही टाकलं, "रविवारी आईंना गावी सोडून या."

ते ऐकून बायडाबाईंनी आपली पिशवी भरायला घेतली. चोराच्या मनात चांदणं, तेजस्विनीने खूणगाठ बांधली.

आठ दिवसांनी दोघी द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात गेल्या. उघड्या अंगाने काट्यावर ठेवलेली सृष्टी छान भरली होती. "आठवड्यात एवढी वाढ? मग महिनाभर अडलं कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आठ दिवस आईंच्या हाती दिली नाही, म्हणून वाढली," तेजस्विनी सगळ्यांदेखत म्हणाली. "काय पाजत होत्या, विचारा त्यांनाच!"

बायडाबाईंनी कनवटीची पिशवी सोडली. चांदीचे वाळे, कडी, कमरेची जाड साखळी, सगळं काट्यावर ठेवलं. जवळजवळ अर्धा किलो भरलं.

"गेल्या महिन्यात अंगणवाडीत मीच नेलं हिला. थंडीचं कपड्यासकट वजन घेतात. आत हे घातलं व्हतं." त्यांनी एक वाळा हातात घेतला. "शेजारची कुसाबाई सारखी म्हणायची, आईला दूध नाय, वरचं चालू करा. माझा पहिला असाच बारीक व्हता. सासूनं तेच म्हणून अंगावरून तोडला, पाणी घातलेलं शेळीचं दूध पाजलं. गेला तो. म्हटलं, काट्यावर पोर भरलेली दिसली तर हिच्या दुधाला कुणी नाव ठेवणार नाय."

डॉक्टरीणबाईंनी आकडा वजा केला. "म्हणजे सृष्टी महिनाभर व्यवस्थित वाढतेय. दूध पुरतंय. पण आजी, पुन्हा असं करू नका. खरंच बाळ वाळत असतं, तर आम्हाला कळलंही नसतं."

"चुकलंच माझं," बायडाबाई म्हणाल्या.

रिक्षात तेजस्विनीला रडू आवरेना. "आई, रविवारी जाऊ नका."

"कपड्यांची पिशवी भरून ठेवलीय मी. इथं राहिले तर तू रोज माझ्या हाताकडंच बघशील."

"नाही हो आई," तेजस्विनी म्हणाली, आणि झोपलेली सृष्टी त्यांच्या मांडीवर दिली. बायडाबाईंनी पदराने तिची लाळ पुसली. त्या बोटांवरून तेजस्विनीला नजर काढता येईना, आणि ते बायडाबाईंनी पाहिलं.