पाठाबाहेरचं उत्तर

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एक खोटी खोली होती. तिच्यातला पलंग खरा, सलाइनचा खांब खरा, उशीचा अभ्रा रोज धुतलेला. खोटा होता तो फक्त रुग्ण. एका भिंतीत काळी काच होती आणि काचेपलीकडच्या चिंचोळ्या जागेत स्टुलावर बसून सिस्टर गुण देत असत.

सिस्टर परिचारिकांच्या शाळेत शिकवायच्या. त्याआधीची वीस वर्षं मनोरुग्ण विभागात गेलेली. जीव नकोसा झालेल्या माणसाला कसं विचारावं, हे फळ्यावर शिकवून जास्त येतं की खोट्या रुग्णासमोर बसवून, यावर त्यांचा प्रबंध चालला होता. साठ मुली, तीस-तीसच्या दोन तुकड्या, आणि शेवटी सगळ्यांची परीक्षा याच खोलीत. अट एकच होती. त्याच प्रश्नाला प्रत्येक मुलीला रुग्णाकडून तेच उत्तर मिळायला हवं. एकीला सोपा पेपर आणि दुसरीला अवघड, असं झालं तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

म्हणून त्यांनी रुग्ण शोधला तो अगदी पारखून. प्रॉम्प्टरकाका. नाटक कंपनीत चाळीस वर्षं विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवलेला माणूस. कंपनी बंद पडली, दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, एकुलती मुलगी लांबच्या गावी नोकरीला.

“अभिनय येतो ना काका?” सिस्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“छे हो. मी आयुष्यभर अंधारात उभा. माझं तोंड प्रेक्षकांना कधी दिसलं नाही, एवढेच त्यांच्यावर माझे उपकार.”

“मग?”

“वाक्य चुकणार नाही. कानामात्रेचाही फरक पडणार नाही. तेवढंच येतं मला.”

सिस्टरांना तेवढंच तर हवं होतं. पाठ त्यांनीच लिहिला. निवृत्त माणूस, झोप उडालेली, जेवण तुटलेलं. मुलीने आडवळणाने विचारलं तर म्हणायचं, “चाललंय की बरं,” आणि खिडकीकडे पाहायचं. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारलं, तरच सांगायचं, “कधीकधी वाटतं. पण तसं काही ठरवलेलं नाही.”

सरळ विचारायचं म्हटलं की मुलींच्या तोंडचं पाणी पळायचं. “काका, तुमच्या मनात... म्हणजे... काही वेडंवाकडं तर नाही ना?” यावर काका गंभीरपणे म्हणत, “वाकडी माझी पाठ झालीये, बाळ. तिचं काही होतंय का बघ.” हे वाक्य काकांनीच सुचवलं होतं आणि सिस्टरांनी हसून पाठात घातलं होतं. सिस्टर वर्गात कंठशोष करून सांगायच्या, विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही; असला तर तो आधीच येऊन बसलेला असतो. विचारलं की त्याला बसायला सोबत मिळते. मुली वहीत उतरवून घेत आणि खोलीत गेल्या की विसरत.

सतरावी मुलगी लहानखुरी, मान खाली घालून चालणारी. तिच्याकडून सिस्टरांना काही आशा नव्हती. ती आत गेली, खुर्ची पलंगाजवळ ओढली, काकांची झोप विचारली, जेवण विचारलं. मग अगदी हळू म्हणाली, “काका, जीव द्यावा असं वाटतं का तुम्हाला?” आणि गप्प बसली. घाई नाही, चुळबुळ नाही.

काकांनीही वेळ घेतला. काचेपलीकडे सिस्टरांचं पेन रकान्यावर टेकून थांबलं.

“हो,” काका म्हणाले. “ठरवलंय. ठकी येणार आहे पुढच्या महिन्यात. तिला सगळं दाखवून ठेवतो, कागद, किल्ल्या. ती परत गेली की मग.”

मुलीने त्यांचा हात हातात घेतला. सिस्टरांच्या अंगावर काटा आला आणि लगेच कपाळाला आठीही पडली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘रुग्ण पाठाबाहेर गेला. हा पेपर वगळावा.’

बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, “सिस्टर, काका ठीक आहेत ना?”

“अगं वेडे, नाटक आहे ते. जा, पुढचीला पाठव.”

पण पुढचीला आत सोडण्याआधी त्या स्वतः खोलीत गेल्या. “काका, ही ठकी कुठून आणलीत मध्येच?”

“आमची मुलगी. घरी ठकीच म्हणतो.”

“घरातलं घरी ठेवा हो. वठलं छान, मलाच भरून आलं. पण त्या पोरीला वेगळा पेपर गेला ना? तुम्ही असं करायला लागलात तर माझा प्रबंध बुडालाच. ‘ठरवलेलं नाही’, एवढंच म्हणायचं. कुणी कितीही मायेने विचारलं तरी.”

 काकांनी पांघरुणाची घडी सारखी केली.

“चुकलं माझं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाक्य चुकलं. आता नाही चुकणार.”

आणि खरोखरच चुकलं नाही. उरलेल्या त्रेचाळीस मुलींना त्रेचाळीस वेळा पाठातलंच उत्तर मिळालं, त्याच सुरात, तेवढंच थांबून. सिस्टरांनी त्यांची पाठ थोपटली, मार्गदर्शक सरांपाशी तोंडभरून कौतुकही केलं.

पुढच्या महिन्यात, नव्या वर्गाचा सराव चालू असताना, काकांनी सुट्टीचा अर्ज दिला. मुलगी येतेय, गुरुवारी सकाळच्या गाडीने परत जाईल, असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. ‘हजर होण्याची तारीख’ हा रकाना त्यांनी मोकळा सोडला होता. कारकुनाची कटकट नको म्हणून सिस्टरांनीच तो शुक्रवारची तारीख घालून भरून टाकला.

त्या गुरुवारी अकराच्या सुमाराला चष्मेवाली डॉक्टर सिस्टरांच्या टेबलाशी आली. मनोरुग्ण विभागातली ही तरुण डॉक्टर सिस्टरांची दुसरी परीक्षक. तिला पाठ दाखवायचा नाही, सिस्टरांचे गुण दाखवायचे नाहीत. तिने खोलीतल्या कॅमेऱ्याचं नुसतं चित्रण पाहून गुण द्यायचे, म्हणजे दोघींची पारख पडताळता येते. सतरा नंबरचं चित्रण वगळायचं होतं, पण सिस्टर ते बाजूला काढायला विसरल्या होत्या.

“सिस्टर, मानलं तुम्हाला,” डॉक्टर म्हणाली. “सोळा जणींना नुसती चाहूल द्यायची आणि सतराव्या खेपेला दिवस ठरलेला निघतो. मी तर धोका सगळ्यात वरचा लावलाय. माझ्या वॉर्डात असं कुणी बोललं असतं तर मी त्याला घरी जाऊ दिलं नसतं.”

“तो पाठ नव्हता गं, काकांनी मनचं घातलं ते,” सिस्टर सहज म्हणाल्या. बोलता बोलता त्यांना आपलेच शब्द ऐकू आले. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला तो बशीच्या बाहेर.

“मनचं म्हणजे?”

“त्यांच्या मुलीचं नाव ठकी आहे. ती आज सकाळी गेली.”

 डॉक्टरने गाडीची किल्ली काढली.

वाटेत सिस्टरांनी काकांना पाच वेळा फोन लावला. नुसता वाजत राहिला. निघताना उचललेल्या अर्जावरून मुलीचा नंबर काढला, तोही लागेना. सिस्टरांनी डोळे मिटले. रोज पहाटे ज्याच्यापुढे हात जोडायच्या त्याच्याकडे आज काय मागावं, तेही सुचेना. एवढंच म्हणत राहिल्या, दार उघडू दे.

दार उघडलं. काका इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. डॉक्टर जिन्यातच थांबून मुलीला फोन लावत राहिली. सिस्टर आत गेल्या. घर लख्ख आवरलेलं. टेबलावर फायलींची चळत, शेजारी किल्ल्या ओळीने, प्रत्येकीला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली. काकूंच्या तसबिरीवरची धूळसुद्धा पुसलेली.

“सिस्टर? आज काम होतं का? मला वाटलं उद्या.”

सिस्टर खुर्चीवर टेकल्या. वीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न किती जणांना विचारला होता याची गणती नव्हती. 

“काका, जीव द्यायचं ठरवलंय का तुम्ही?”

“कधीकधी वाटतं,” काका म्हणाले. तोच सूर, तेवढंच थांबणं. “पण तसं काही ठरवलेलं नाही.”

 खोटं पकडावं तर कुठे पकडावं? हे बोलणं त्यांनीच लिहिलेलं, त्यांनीच घोटून घेतलेलं. आता या माणसाच्या तोंडून त्यांना दुसरं काही ऐकू येणार नव्हतं.

“ते वाक्य माझं आहे, काका.” सिस्टर म्हणाल्या. “मी लिहिलंय ते. त्या दिवशी तुम्ही तुमचं सांगत होतात आणि मी तुम्हाला गप्प केलं. माझी फार मोठी चूक झाली. मला तुमचं सांगा.”

विचारलं की थांबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं, असं त्या मुलींना शिकवायच्या. त्यांनी मोजायला घेतलं आणि आकडे चुकले, तशा त्या नुसत्या बसून राहिल्या. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं.

“आज दुपारी,” काका म्हणाले. मग जरा अवघडून, “चहा टाकू का?”

“मी टाकते. तुम्ही इथेच बसा, मला दिसाल असे.”

चहा झाला, निवला, कुणी प्यायलं नाही. काका रुग्णालयात यायला तयार होईनात. “मी कुणाला त्रास दिलाय का? ठकीला सगळं नीट समजावलंय. सुटलो असतो हो सिस्टर.” सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. उठल्याही नाहीत. एकदा काकांनी चिडून, “तुमच्या प्रबंधासाठी आलात का?” असंही विचारलं. सिस्टरांनी तेही ऐकून घेतलं.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, “त्या मुलीला किती गुण दिलेत?”

“कुठल्या?”

“लहानखुरी. हात धरला होता तिने.”

“तिचा पेपर मी बाजूला काढला.”

“बाकीच्या पेपर देत होत्या,” काका म्हणाले. “ती विचारत होती. मला वाटलं, हिला खोटं कसं सांगू?” मग त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि काय भरायचं ते न कळून हातात धरून उभे राहिले. सिस्टरांनी ती घेतली, दोन सदरे घातले, चष्म्याचं घर घातलं, आणि त्यांना धरून जिना उतरवला.

काकांची मुलगी चारच्या पुढे वॉर्डात पोचली. डॉक्टरचा फोन लागताच मधल्याच स्टेशनवर उतरून, मिळेल त्या गाडीने उलटी आलेली. काका औषधाने झोपले होते. दाराच्या काचेतून तिने त्यांना पाहिलं. आठ दिवस बाबांनी हसतखेळत सगळे कागद दाखवले, आवडीचं करून खाऊ घातलं, आणि आपण मनात म्हणत होतो, बाबा सावरले एकदाचे, असं तुटक तुटक सांगितलं. मग ती सिस्टरांकडे वळली.

“तुम्हाला कसं कळलं?”

डॉक्टर मध्ये पडायला निघाली होती. चित्रण बघताना लक्षात आलं, एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. सिस्टरांनी तिला हातानेच थांबवलं.

“त्यांनी मागच्या महिन्यातच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या देखत.”

“आणि तुम्ही?”

“मी त्यांना रागावले.”

  मुलगी बाकावर बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, “ते काय म्हणाले होते, ते सगळं सांगा मला. त्यांच्याच शब्दांत. आणि तुम्ही काय म्हणालात, तेही.”

सिस्टर तिच्या शेजारी, थोडं अंतर राखून बसल्या. आणि त्या खोलीत त्या दिवशी झालेलं बोलणं, आपल्या वाट्याचा एकही शब्द मऊ न करता, पहिल्यापासून सांगू लागल्या.