शिंतोड्याची तलंग

जयसिंगला कोंबडी संघातल्या लोकांची किळस यायची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कोंबड्यांना शाम्पू लावणारे लोक. वाकडचा एक जण तर बायकोचा हेअर ड्रायर घेऊन मोशीच्या प्रदर्शनाला यायचा. असल्यांना रंगातलं काय कळणार? जयसिंगनं चाकणच्या कंपनीत एकतीस वर्षं पेंट शॉपमध्ये तपासणी केली होती. दरवाजा आणि बॉनेटच्या शेडमध्ये केसाएवढा फरक असला तरी तो गाडी बाजूला काढायचा.

कुरुळीच्या घरामागच्या निळ्या कोंबड्या मात्र त्याच्या नव्हत्या, बायकोच्या, प्रभावतीच्या होत्या. दरवर्षी ती एका शेडच्या सहा तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, प्रदर्शनात मांडायची. दगडी पाटीसारखा निळा रंग, पिसाला गडद काठ. संघाच्या वहीत तो वाण तिच्या नावानं नोंदला होता. जयसिंग म्हणायचा, दाणे टाकायचे नि अंडी उचलायची, त्यात कसलं आलंय डोकं.

ती गेली, आणि महिन्याभरात त्यानं खुराडं साफ केलं. काळा कोंबडा आणि मळक्या पांढऱ्या, निळे शिंतोडे उडालेल्या तिच्या चार कोंबड्या खानावळवाल्याला दिल्या. चांगल्या मालात खराब माल ठेवलाच कशाला? निळ्यांत निळाच कोंबडा सोडला.

त्याला तीन वर्षं झाली. दर उबवणीत निम्मी पिल्लं निळी, बाकीची काळी नाहीतर शिंतोड्याची. तो ती काढून टाकायचा, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा निळ्या तलंगा चारच निघाल्या. संघाचे लक्ष्मणराव येऊन बघून गेले. पुढच्या वर्षी सहा नसतील तर वाण वहीतून काढावा लागेल, असं त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. जयसिंगनं त्यांच्या कपाकडे बघितलं, तोंडाकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काळी आणि शिंतोड्याची पिल्लावळ टोपलीखाली झाकून खानावळवाल्याला फोन लावला. सून मिनल माणच्या आयटी ऑफिसला निघाली होती. ती थांबली.

"पप्पा, ही देऊ नका. आई याच ठेवायच्या."

"कॉम्प्युटरवर कोंबड्या पाळतेस का तू?"

"आई काळा कोंबडा शिंतोड्याच्या कोंबड्यांत सोडायच्या. निळ्या फक्त मोशीला न्यायच्या. मी विचारलं होतं त्यांना."

काळा आणि मळका पांढरा एकत्र करून निळा होतो म्हणे! डब्यातल्या रंगाचंही असं होत नाही, असं तो म्हणाला. मिनलनं पर्स खाली ठेवली.

"हे डब्यातलं नाही. निळ्या कोंबडीत त्या रंगाचा एकच वाटा असतो. काळ्यात एकही नाही, शिंतोड्याच्यात दोन. निळ्याला निळं लावलं की कुणाला दोन जातात, कुणाला एकही नाही. काळ्याला शिंतोड्याची लावली की प्रत्येकाला एकच. सगळी निळी."

"मग तीन वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"पहिल्याच वर्षी सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, खुराड्याला हात लावायचा नाही."

तो म्हणाला होता. त्याला आठवलंही. मिनलची बस आली, ती गेली. खानावळवाला मोटारसायकलवरून आला तेव्हा जयसिंगनं त्याला फाटकातूनच परत पाठवलं, वर आठ दिवस शिळी तर्री विकतोस म्हणून सुनावलं.

सहा महिन्यांनी एक काळा कोंबडा आणि तीन शिंतोड्याच्या तलंगा त्यानं वेगळ्या खुराड्यात सोडल्या. मिनलवर विश्वास ठेवून नव्हे; ती चुकते हे बघायला, असं तो स्वतःला सांगत होता. सोळा पिल्लं निघाली. पिसं फुटली तशी एकेक बघितली. सोळाही निळी. त्यात नऊ तलंगा.

लक्ष्मणराव तलंगांच्या पायात नोंदणीची कडी घालायला आले. शेवटी हात बसला म्हणायचा तुमचा, असं म्हणत त्यांनी वही उघडली.

"माझा नाही," जयसिंग म्हणाला. "जोडी प्रभावतीनं लावली होती. मी ती खानावळीत घातली. तिचंच नाव ठेवा."

लक्ष्मणराव काही बोलणार होते. जयसिंगनं पहिली तलंग उचलून त्यांच्या पुढ्यात धरली आणि तिचा पाय मोकळा केला.