धोंडूमामाची शेगडी

धोंडूमामा बोटीवरून तीन वर्षांनी घरी आला तो पत्र्याची पेटी आणि एक लोखंडी शेगडी घेऊन. शेगडी केवढीशी, कोंबडीच्या खुराड्याएवढी. खाली तीन पाय, वर जाळी. बोटीवर मी सायबाचा खानसामा, हिच्यावर कप्तानाचं मासं भाजतो, असं त्याने वाडीभर सांगितलं. पत्रातही तो तेच लिहायचा. पत्रं मीच वाचून दाखवायची, म्हणून मला पाठ.

हे सगळं येसूकाकीच्या लेकीसाठी, मालनसाठी चाललं होतं. मामाला ती हवी होती आणि येसूकाकी हो म्हणेना, नाही म्हणेना. तशात काकीच्या भाच्याचं लग्न देवरुखला निघालं. बा तापाने पडलेला, आई त्याच्या उशाशी, म्हणून गाडी मी हाकायची ठरलं. आई म्हणाली, बैलांचा नि तुझा स्वभाव एकच, जमेल तुला. निघताना तिने मला बाजूला घेऊन बजावलं की काकी देवरुख यायच्या आत काय तो जबाब देणार हाय, तू तोंड मिटून ठेव.

पहाटे मामाने स्वतः बंदरावर जाऊन दहा बांगडे आणले आणि ओल्या पानांत गुंडाळले. काकीच म्हणाली होती, एवढा खानसामा हायस तर वाटेत भाजून दाखव. छपराखाली काकी नि मालन, मागच्या कडेला पाय सोडून मामा, मांडीवर शेगडी. जशी काय नवरी.

हातखंब्याच्या अलीकडे कातळावर एक आंबा लागला, तिथे मी बैल सोडले. मामाने शेगडी मांडली. आधी वारा बघितला, मग शेगडी अशी फिरवली की धूर कुणाच्याच डोळ्यांत जाईना. कोळसे एका हाताने फेकले ते असे पडले की वर-खाली एकही नाही. खालून काडीने राख झाडली. आग कशी, तर सारवलेल्या जमिनीसारखी सपाट. काकीसुद्धा बघत राहिली.

मग त्याने बांगडे घेतले. पोट न फाडता, न धुता तीन बांगडे तसेच जाळीवर ठेवले आणि मीठ लांबून फेकलं, कोळसा फेकावा तसं. ठेवल्या ठेवल्या उलटायला गेला. कातडं जाळीला, मांस कोळशात, काटा हातात. मालन पदर तोंडावर धरून हसायला लागली. मामा म्हणाला, कप्तानाला असंच लागतं.

मी त्याच्या हातांकडे बघत होते. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक बारीक डाग, देवी आल्यासारखे. बोटीच्या भट्टीत कोळसा मारणारा एक म्हातारा आगवाला वाडीत होता, त्याचे हात असेच. मासे भाजणारा कोपरापर्यंत कशाला भाजेल? आणि इतके चांगले बांगडे नासलेले बघून माझं डोकं फिरलं.

"मामा, तू कसला रे खानसामा? तू कोळसा मारतोस, आगवाला हायस तू."

बोलून गेले आणि मग आई आठवली.

मामाने चिमटा खाली ठेवला. सात वर्षं बॉयलरपुढे हाय म्हणाला. शेगडी बोटीच्या मिस्त्रीकडून करून घेतली. आगवाल्याला पोर कोण देतो, खोकत घरी येतो म्हणतात. काकी त्याच्याकडे बघून म्हणाली, खोकून दाखव. त्याने खोकून दाखवलं. तिला ते खोटं वाटलं, म्हणून परत खोकायला लावलं. मी हसू दाबायला बैलांना पेंढा घालायला गेले, पण कान तिकडेच.

"खोकला नाय. पण खोटं बोललास," काकी म्हणाली. "तीन वर्षं पत्रातनं बोललास."

मामा उठला. मी इथनंच माघारी चालत जातो म्हणाला आणि शेगडीकडे हात नेला.

"जायचं तर जा," काकी म्हणाली. "शेगडी ठेव. आम्ही जेवलो नाय अजून."

मामा हात तसाच धरून उभा. तेवढ्यात मालन पुढे आली. तिने उरलेले सात बांगडे फाडले, धुतले, चिरा दिल्या, मीठ-मसाला चोळला. जाळी खरवडून तिला नारळाच्या शेंडीने तेल लावलं. मामाकडे न बघता म्हणाली, "आग जास्त हाय. कमी करा."

मामा खाली बसला. काडीने दोन वेळा हलवलं फक्त, आग खाली बसली. मालनने मासे ठेवले. मग डावीकडे थोडी वाढवा, उजवीकडे नको, असं ती सांगत गेली आणि तो करत गेला. ज्या माणसाने सात वर्षं आगबोट चालवली तो सात बांगड्यांपुढे घामाघूम झाला.

काकीने भाकरीबरोबर तीन खाल्ले. काटे पानात गुंडाळून बोटं चाटली आणि विचारलं, परत बोटीवर कधी?

शिमगा झाला की, मामा म्हणाला.

"मग लगीन शिमग्याआधीच बघायला हवं. देवरुखात भावाला विचारते."

मालन जाळी घासत होती, ती जरा जास्तच जोरात घासायला लागली. मी बैल जुंपले. मामा मागच्या कडेला चढायला गेला तर काकी म्हणाली, तिथे नको, आत सरकून बस. आणि माझ्याकडे वळली.

"काशे, तू गो तोंड मिटून हाक आता. देवरुखात तो खानसामाच हाय."